बोअरचं पाणी, गप्पी मासे आणि पाण्यावरची शेती

लातुरात घरी फिशटँक आहे म्हटलं की पाहुणा मासे बघायच्या आधी विचारतो, "पाणी कुठून आणता?" प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलेलं. नंतर धरण भरलंही, पण नळाला रोज पाणी अजून नाही. त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या बाईला दर आठवड्याला माशांचं पाणी बदलायचं म्हणून सतरा-अठरा लिटर पाणी मोरीत ओतणं जमत नाही. मला तरी जमत नाही.

मासेही काही हौसेनं आणलेले नाहीत. हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे देतात, तसे आमच्या गल्लीतल्या हौदात सोडले होते. त्यातले थोडे पोरानं बाटलीत आणले. मग बाटलीची बरणी, बरणीचा दोन फुटी टँक. ७० लिटरच्या आसपास पाणी मावतं त्यात. गप्पीला आमचं जड पाणी मानवतं हे एक बरं. आमच्या बोअरला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर हजाराच्या आसपास आकडा दाखवतो आणि काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर बसतो, पण गप्पी खुशाल पिल्लं घालत सुटतात.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी. ॲग्री करून काउंटरवर बसते. त्यामुळं टँकमधल्या झाडांकडं मी शोभेची म्हणून बघूच शकत नाही. मला तिथं नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि लोहच दिसतं. पाणी का बदलायचं? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट साचत जातं. म्हणजे आपण पाण्यासोबत नत्र ओतून देतो. शेतकरी ज्या नत्रासाठी माझ्याकडं रांगेत उभा राहतो, तेच. मग ते एखाद्या पिकानं खाल्लं तर?

पाण्याखालची झाडं हे काम करतात, पण रेंगाळत. त्यांना कार्बन डायऑक्साइड पाण्यातून घ्यावा लागतो, आणि पाण्यात हा वायू हवेपेक्षा हजारो पटींनी हळू पसरतो. म्हणून टँकमध्ये हा वायू सोडायची ती सिलिंडरची भानगड असते. तरंगणाऱ्या झाडांची पानं उघड्या हवेत आणि मुळ्या खतात. उजेडही सगळ्यात आधी त्यांनाच. माती नको, सिलिंडर नको. वाढीचा वेग असा की आठवड्यात निम्मा टँक झाकला जातो.

मात्र इथं एक गोष्ट लोक सोडून देतात. झाड वाढलं म्हणजे नत्र पाण्यातून गेलं असं नाही, ते पानात जाऊन बसलं एवढंच. ते पान तिथंच पिवळं पडून कुजलं की सगळं परत पाण्यात. म्हणून कापणी करायला हवी. रविवारी मी साधारण एक तृतीयांश हिरवळ दोन्ही हातांनी उचलते, निथळते आणि कढीपत्त्याच्या कुंडीत घालते. माझं पाणी बदलणं हेच. खरं पाणी महिन्यातून एखाद्या वेळी, तेही थोडं, आणि ते जुनं पाणी तुळशीला.

सुरुवात करायची असेल तर सॅल्विनियापासून करा. छोटी, केसाळ पानांची. त्या केसांमुळं वरून पाणी पडलं तरी पान ओलं होत नाही, थेंब घरंगळून जातो. तिला खरं मूळ नसतंच. खाली जे तपकिरी धाग्यासारखं लोंबतं ते तिसरं पान आहे, मुळाचं काम करणारं. मला हे कॉलेजात शिकवलेलं, पण घरच्या टँकमध्ये भिंगाखाली बघेपर्यंत पटलं नव्हतं. फ्रॉगबिट माझं सगळ्यात आवडतं. गोल जाड पानं, खाली गुळगुळीत फुगवटा आणि हात-हात लांब मुळ्या. गप्पीची पिल्लं त्या मुळ्यांत लपली की मोठ्या माशांच्या तोंडातून वाचतात. मुळ्या फारच वाढल्या तर कात्रीनं कापा, झाडाला काही होत नाही. पिस्टिया, ती कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी, मोठा टब असेल तरच. रात्री तिची पानं मिटून उभी राहतात. आमच्या सासूबाई लाईट बंद करताना रोज म्हणतात, "झोपली गं तुझी कोबी."

रेड रूट फ्लोटर मला परवडलं, पटलं नाही. त्याला भरपूर उजेड लागतो, पृष्ठभाग अगदी संथ लागतो आणि आमच्या चुन्याच्या पाण्यात ते फोटोसारखं लाल होत नाही, तपकिरीवर थांबतं. डकवीड, ते बारीक टिकल्यांसारखं तरंगणारं, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. ते एकदा आलं की फिल्टरच्या स्पंजमध्ये, जाळीत, हाताच्या केसांवर, सगळीकडं. दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. नत्र खेचायला ते फार चांगलं हे खरं, पण मला घरात शांतता हवी असते.

ॲझोलाचं, म्हणजे जनावरांना चारा म्हणून घालतात त्या बारक्या तरंगत्या नेच्याचं, मला ग्राहकच विचारतात, कारण गोठ्यामागं त्याचे वाफे अनेकांकडं आहेत. "मॅडम, आमच्याकडं फुकट आहे, तेच टाका की टँकमध्ये." टाकून चालतं, पण उपयोग कमी. ॲझोलाच्या पानाच्या पोकळीत निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र धरून देतात. गाईला तो फायदा आहे, माझ्या टँकला नाही. जिला हवेतून नत्र मिळतो ती पाण्यातल्या नायट्रेटसाठी कशाला तरफडेल? शिवाय हात लागला की तुकडे होतात आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की लालसर पडून बसते. ती गोठ्यातच बरी.

आता पिवळेपणाचं. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण टँकवाले यात उगाच पैसे घालवतात.

जुलैत आमच्याकडं सोयाबीन पिवळं पडतं. चुनखडीच्या रानात तर हमखास. शेतकरी फांदी घेऊन येतो: शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोह कमी. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं सामू (पीएच) चढलेला असतो आणि मुळांना ते उचलता येत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात अगदी हेच होतं. फ्रॉगबिटचं नवीन पान पांढरट-पिवळं निघालं, जुनी हिरवीच राहिली, की लोह. उलट जुनी पानं आधी पिवळी पडून गळायला लागली आणि मुळ्या एकाएकी लांबल्या तर नत्र संपला, म्हणजे मासे कमी आणि झाडं जास्त. पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली आणि त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या तर पालाश.

लोह देताना चिलेटेड घ्यायचं, म्हणजे झाडाला उचलता यावं म्हणून दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं, पण ते रसायन कुठलं ते बघून. ईडीटीए स्वस्त आहे, फवारणीला चालतं, पण सामू सातच्या आसपास गेला की ते लोह सोडून द्यायला लागतं. आमचं पाणी आठच्या घरात. तिथं डीटीपीए बरं, आणि ईडीडीएचए त्याहून टिकतं, फक्त त्यानं पाणी लालसर दिसतं. मात्रा अगदी नखभर, आठवड्यातून एकदा, आणि नवीन पानाचा रंग बघून पुढं. जुनं पिवळं पान परत हिरवं होईल म्हणून वाट बघू नका, ते काढून टाका. पालाशसाठी ०:०:५० हे विद्राव्य खत चालतं (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे). नत्रही कमी असेल तर १३:०:४५.

१९:१९:१९ मात्र कुणीही टँकमध्ये टाकू नका. हे मी दुकानात तोंड दुखेपर्यंत सांगते. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. जड पाण्यात सामू सातवरून आठ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. झाडं खूश होतील, मासे पोट वर करून तरंगतील. युरियाबद्दल वेगळं सांगायला नको.

झाडं आणताना ती गावाकडच्या तळ्यातून आणली असतील तर गोगलगाईंची अंडी, जळवा, चतुराच्या अळ्या असं बरंच फुकट येतं. चतुराची अळी गप्पीची पिल्लं खाते. विहिरीत टाकायचं ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, बादलीत फिकट गुलाबी होईल इतकंच घालून दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यात धुवा. गडद केलं तर झाडच जळतं. कुरिअरनं मागवायची तर पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर. एप्रिलमध्ये पार्सल येतं ते भाजी शिजवूनच येतं. नवीन आलेली पानं पहिल्या आठवड्यात वितळणार हे धरून चाला. मधला कोंब हिरवा असेल तर फेकू नका.

दोन गोष्टी यांना सोसत नाहीत: वरून पडणारं पाणी आणि जोरात वाहणारं पाणी. काचेचं झाकण घट्ट बसवलं की आतून वाफ धरते, थेंब पानावर पडत राहतात आणि फ्रॉगबिट मधूनच कुजतं. झाकण बोटभर सरकवून ठेवा. फिल्टरच्या धारेत झाडं बुडतात, म्हणून एअरपंपाच्या नळीचा गोल करायचा, दोन्ही टोकं जोडून, आणि तो पाण्यावर सोडायचा. झाडं गोलाबाहेर, आत मोकळं पाणी. खाद्यही त्या मोकळ्या जागेतच टाकायचं, नाहीतर पानांवर पडून सडतं. खाली लावलेली झाडं असतील तर निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका, त्यांना अंधार होतो. एलईडी आठ तास, टायमरवर.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा. मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या घरात असतो आणि टँकचं पाणी ३२-३३ ला जाऊन बसतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. रात्री झाडंही श्वास घेतात, त्यात पृष्ठभाग गच्च झाकलेला, त्यात लाईट गेलेली आणि पंप बंद. पहाटे मासे वर तोंड काढून उभे दिसतात ते यामुळं. मार्चपासून मी निम्मं पाणी उघडंच ठेवते. कूलरची झुळूक टँकवरून जाऊ दिली तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण झाडं सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि पाणीही भराभर उडतं.

उडण्यावरून आठवलं. झाडांनी पाणी झाकलं की बाष्पीभवन वाचेल असं मला कितीतरी जण सांगतात. भरवशाचं नाही ते. पान स्वतःच पाणी बाहेर टाकत असतं, जलपर्णी तर उघड्या पाण्याहून जास्त उडवते. वाचतं ते बदलायचं पाणी. उडालेल्याची भर घालायची तर बोअरचं घालू नका, कारण उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागं राहतात, आणि भर घालत गेलात की महिनागणिक पाणी आणखी जड होतं. भर आरओच्या पाण्याची किंवा पावसाच्या पाण्याची. पत्र्यावरून उतरणारं पाणी, पहिला पाऊस सोडून, मी दोन ड्रम धरून ठेवते. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र फरशीला. त्यात क्षार घट्ट होऊन आलेले असतात. सासूबाईंना हे पटलेलं नाही. "सगळं गाव पाणी पाणी करायलंय आन् तू माशाला पावसाचं पाजायलीस?" त्यांचं बरोबर आहे, पण ड्रम तुळशीलाही पुरतो म्हणून चाललंय.

शेवटचं, आणि यात मी कुणाचंच ऐकत नाही. काढलेली झाडं नाल्यात, ओढ्यात, तळ्यात, गणपती विसर्जनाच्या हौदात टाकायची नाहीत. नांदेडला गोदावरीवर जलपर्णी काय करते ते तिथल्या माणसाला विचारा. तीही दक्षिण अमेरिकेतूनच आलेली. केरळात मोठ्या जातीच्या सॅल्विनियानं कालवे आणि भातखाचरं व्यापली होती, ती शेवटी १९८० च्या दशकात ब्राझीलकडचा एक बारका भुंगेरा सोडून आटोक्यात आणावी लागली. आपल्या ओढ्यात असा भुंगेरा सोडायला कुणी येणार नाही. कुंडीत घाला, कंपोस्टमध्ये घाला, उन्हात वाळवून कुस्करा.

यंदा फ्रॉगबिट जास्त झालंय. लातुरात कुणाला हवं असेल तर कमेंटमध्ये लिहा, दुकानातून फुकट न्या. डबा आपापला आणायचा, झाकणाचा, आणि खरिपाच्या गर्दीत येऊ नका. पेरणी चालू असताना माझ्याशी माशांबद्दल बोललात तर तुम्हालाही १० किलो डीएपी खत बांधून देईन.