रेडिएटर दुरुस्तीपासून मोटारींच्या प्रतिकृतींपर्यंत : आमची वाटचाल

फोंड्यात बाबांचे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान होते आणि तिथे येणारे बहुतेक काम खनिजवाहू ट्रकांचे असे. भरलेला ट्रक चढावर तापला, की दुसऱ्या दिवशी त्याचा रेडिएटर आमच्या दारात हजर. टाक्या उकलायच्या, नळ्यांतून पातळ सळ्या घालून साचलेला क्षार काढायचा, गळती शोधून डाख द्यायचा आणि हौदात बुडवून हवेच्या दाबाने तपासायचे, हा रोजचा क्रम होता. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि काही आठवड्यांतच दुकानातले काम आटले. पुढे खाणी काही प्रमाणात सुरू होऊन मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, परंतु तोवर आम्ही दुसऱ्या वाटेला लागलो होतो.

मोटारींच्या प्रतिकृती घडवणे हा माझा शाळेपासूनचा छंद. पहिले मोठे काम दिले ते म्हापशाच्या एका निवृत्त टॅक्सीचालकांनी. त्यांना आपली अ‍ॅम्बेसेडर १:१२ या प्रमाणात, बॉनेट उघडता येईल अशी हवी होती. खरी गाडी सव्वाचार मीटरहून थोडी अधिक लांब, म्हणजे प्रतिकृती साधारण ३६ सेंटीमीटरची. दारे, काचा, आतल्या गाद्या यांवर मी चार महिने घालवले आणि बॉनेटखाली मात्र काळ्या वायरचे दोन तुकडे वाकवून बसवले. बाबांनी बॉनेट उघडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “अरे, या खालच्या पायपातले पाणी जाते कुठे?” माझा पाइप चासीच्या मागे नुसताच संपला होता.

त्या प्रश्नापासून आमच्या कामाची पद्धत ठरली. इंजिनातून तापलेले पाणी सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला असलेल्या थर्मोस्टॅटमधून, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेतून, वरच्या होज पायपात येते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत उतरते, उभ्या नळ्यांतून खाली जाताना निवते आणि खालच्या पायपाने पंपाकडे परतते. पंप फिरतो तो क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या, पुलीने ओढलेल्या पट्ट्यावर, आणि पंखा पंपाच्याच दांड्यावर बसलेला असतो. म्हणून पंखा, पंप आणि पट्टा यांची जागा आधी पक्की करावी लागते, पाइप त्यानंतर. सजावट म्हणून लावलेला पाइप जाणकाराच्या नजरेला लगेच खटकतो, कारण त्याला उगम आणि शेवट नसतो.

सर्वांत अधिक काळ रेडिएटरच्या कोअरने, म्हणजे नळ्या आणि त्यांमधल्या धातूच्या पातळ पंखांच्या मधल्या भागाने, घेतला. पितळी जाळी लावली तर ती कुंपणासारखी दिसे; छापील कागद लावला तर त्यातून उजेड येत नसे. खऱ्या कोअरमधून मागच्या पंख्याची सावली दिसते, आणि ती दिसलीच पाहिजे असा माझा आग्रह होता. पातळ पंखांमधले खरे अंतर दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात पाव मिलिमीटरच्या आसपास. उपाय सापडला तो घड्याळजीकडच्या स्क्रूंमुळे. १.२ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या स्क्रूमध्ये दोन आट्यांतले अंतर नेमके ०.२५ मिलिमीटर असते. त्याच आट्यांच्या दोन दांड्या समांतर धरून त्यांवर मोटर रिवाइंडिंगची ४२ नंबरची, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार गुंडाळली, की पंख आपोआप सारख्या अंतरावर बसतात. मात्र त्या तारेवर इनॅमलचा थर असतो, आणि तो घालवल्याशिवाय डाख धरत नाही. टोकांवरचा थर जाळून, घासून, एका दमात डाख देण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले.

होज पायपासाठी मऊ शिशाच्या तारेवर हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आकसणारी, नळी चढवतो. ती वळणावर चेपत नाही. खालच्या पायपाच्या आत पंपाच्या ओढीने तो मिटू नये म्हणून बहुधा स्प्रिंग असते, त्यामुळे खऱ्या गाडीत तो चपटा दिसत नाही आणि प्रतिकृतीतही दिसू नये. पाइप आवळणारा क्लॅम्प पायपाच्या अगदी टोकाशी नसतो, पाच-सहा मिलिमीटर मागे असतो. आमच्याकडे ते अर्धा मिलिमीटर होते आणि तेवढी रबराची कड क्लॅम्पपुढे राखणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. पहिल्या प्रतिकृतीत मी हिरव्या कूलंटची प्लास्टिकची बाटलीही बसवली होती. ती काढून टाकली, कारण त्या टॅक्सीला बाटली नव्हती. झाकणाखालच्या गळ्यातून निघालेली बारीक नळी जादा पाणी थेट रस्त्यावर सोडत असे.

पावसाळ्याने आम्हाला वेगळेच शिकवले. इथल्या दमट हवेत सुपर ग्लूच्या वाफेने काळ्या पायपांवर पांढरट थर चढतो आणि लॅकर पांढुरका पडतो. तेव्हापासून बॉनेटखाली फक्त डाख आणि इपॉक्सी वापरतो, आणि रंगकाम जूनपूर्वी उरकतो.

मध्ये एका कुटुंबाने आजोबांची फोक्सवॅगन बीटल करवून घेतली. तिचे इंजिन हवेने निवते, रेडिएटरच नाही. डायनॅमोच्या दांड्यावरचा पंखा आणि पत्र्याची आवरणे एवढेच घडवायचे होते, तरी हवेचा मार्ग आम्ही पाण्याइतक्याच काटेकोरपणे आखला.

आज आम्ही तिघे मिळून वर्षाला आठ-नऊ प्रतिकृती करतो. सध्या कुडचड्याच्या एका जुन्या ट्रकमालकांच्या सहा चाकी ट्रकचे काम चालू आहे. त्याचा रेडिएटर बाबांनी अनेकदा उघडला होता. डाव्या कोपऱ्यातल्या चार नळ्या गळू लागल्यावर त्यांनी त्या डाख भरून कायमच्या बंद केल्या होत्या, आणि कोअरच्या खालच्या अर्ध्या भागात खाणीची तांबडी माती बसलेली असे. माती मी रंगाने चढवली. चार नळ्या बाबांनी गेल्या आठवड्यात भिंगाखाली, स्वतःच्या हाताने बंद केल्या.