पहिलं पान आम्हीच रंगवतो: आमची वाटचाल

आमच्याकडच्या वहीत पहिलं पान कोरं सापडत नाही. त्यावर जलरंगाचा एक फराटा असतो, नाहीतर कोपऱ्यात चिकटवलेली जुनी पावती, कधी नुसताच पेन्सिलीचा ओरखडा. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, माल डागाळलाय. तशा वह्या परतही आल्या आहेत. पण तो फराटा आम्ही ठरवून मारतो.

झालं असं की आम्ही सुरुवात केली ती सुंदर वह्या करण्यापासून. मी कॉमर्सची, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहायला जायची. नणंद एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालेली, शाळेत चित्रकला शिकवायची. तिला जलरंगासाठी वही हवी होती आणि बाजारातल्या बहुतेक वह्यांचा कागद पाण्याला टिकत नव्हता. ब्रश फिरला की पान फुगायचं, रंग मागच्या बाजूला उतरायचा. चांगला 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद पॅडमध्ये मिळतो, पण ते पॅड आम्हाला परवडेना. मग आम्ही मोठे ताव आणून घरीच कापायला लागलो. गावभागातल्या आमच्या माडीवर एक जुना शिसवी पाट होता, त्यावर कापायचं, स्वयंपाकाच्या ओट्यावर खळ शिजवायची. आधी स्वतःपुरत्या, मग मैत्रिणींना, मग बचत गटांच्या प्रदर्शनात एक टेबल. माल हातोहात गेला.

पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात त्याच बायका भेटल्या. वही संपली का, विचारलं तर जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर एकच: "अगं, एवढी सुंदर वही, लिहायचं धाडसच होत नाही. कपाटात जपून ठेवलीय." कौतुकच होतं ते. पण धंद्याच्या हिशेबानं पाहिलं तर यासारखी वाईट बातमी नाही. जी वही संपत नाही तिच्या पाठोपाठ दुसरी कोण घेणार? आणि धंदा जरा बाजूला ठेवला तरी, पैठणीच्या घडीत ठेवायला आम्ही रात्री जागून दोरा ओवत होतो का?

उपाय नणंदेनं शाळेतून आणला. कोऱ्या कागदापुढं मुलं गोठून बसतात, हे ती रोज पाहायची. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं तर जास्तच, कारण कागद मोजून मिळतो. म्हणून सरावाच्या तासाला ती स्वतःच सगळ्यांच्या कागदावर आधी एक पातळ रंगाचा हात मारून द्यायची. कागद एकदा 'खराब' झाला की पोरं मोकळी. तेच आम्ही वह्यांना केलं. तेव्हापासून जुनी गिऱ्हाइकं परत यायला लागली, काहीजणी तर भरलेली वही दाखवायला घेऊन येतात. विक्री वाढवायला यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

बांधणी मात्र आम्ही उस्तादाकडून शिकलो. पेठेतले एक बाइंडरकाका, अडत दुकानांच्या रोजमेळ, खतावण्या, लाल कापडाच्या वह्या बांधण्यात त्यांची हयात गेली. दिवाळीच्या आधी त्यांना जेवायला सवड नसायची. दुकानांत संगणक आले आणि वह्या पूजेपुरत्या उरल्या. हिशेबाच्या कामामुळं माझी त्यांची ओळख होतीच. आमची वही त्यांना दाखवली. त्यांनी ती मधोमध उघडली, टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला. वही हळूहळू मिटली. काका म्हणाले, "ताई, ही शोभेची हाय व्हय? दिवाणजी एका हातानं वही धरंल का दुसऱ्या हातानं लिहील? उघडल्यावर आपली आपण पडून ऱ्हायली पायजे."

आजही प्रत्येक वहीला आम्ही हीच परीक्षा लावतो. जलरंगाला तर ती दुप्पट लागू, कारण एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात चिंधी. वही धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

काकांनी शिकवलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं वही म्हणजे पानं आणि वर पुठ्ठा. आमचा ताव 22 बाय 30 इंचांचा, ज्याला इम्पीरियल म्हणतात. त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे बरोबर बसतात, चिंधी उरत नाही. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा, दोन-दोन एकात एक घालायचे, की एक जुज झाला. साध्या कागदाचा जुज आठ-आठ घड्यांचाही चालतो, पण हा कागद इतका जाड की दोनाच्या वर गेलं तर आतलं पान बाहेर डोकावतं. चार जुज म्हणजे 16 पानं, 32 पृष्ठं. एका तावाची एक वही. हिशेब सोपा, त्यामुळं दरही तोंडपाठ.

मग टोच्यानं घडीच्या बरोबर आत पाच भोकं. भोक केसभर बाहेर गेलं तरी वहीची पाठ वाकडी येते. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा आणि साखळी टाक्यानं प्रत्येक जुज आधीच्या जुजात अडकवायचा. नवशिक्याची गडबड इथंच होते. टाका घट्ट करायला तो दोरा स्वतःकडं ओढतो आणि कागद भोकाशी फाटतो. दोरा ओढायचा तो घडीच्या रेषेत, आडवा. काका बोलता बोलता ओढायचे, बघायचेही नाहीत. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मुलींना पहिला आठवडा आम्ही रद्दीवरच हे करायला लावतो.

पुठ्ठ्याचीही गंमत आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात आणि पुठ्ठ्यात तंतू एका दिशेनं बसलेले असतात. ती दिशा वहीच्या पाठीला समांतर पाहिजे. आडवी गेली तर खळीच्या ओलीनं कव्हर पापडासारखं वळतं आणि मग कितीही वजन ठेवा, सरळ होत नाही. दिशा ओळखायला कागदाची चिंधी एका बाजूनं ओली करायची. ती गुंडाळते, आणि गुंडाळीची नळी ज्या दिशेला धरेल ती तंतूंची दिशा. हातकागदाला ही कटकट नाही, त्यात तंतू सगळीकडं पसरलेले. पण त्याला नीट पाणधर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारा लेप नसेल तर रंग टीपकागदासारखा शोषला जातो, म्हणून हातकागद आम्ही वरच्या आवरणाला आणि पुस्तीला, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटणाऱ्या पानाला वापरतो.

खळ मैद्याची. पूर्वी त्यात मोरचूद घालत, म्हणजे कीड लागत नाही. काकाही घालायचे. मोरचूद विषारी आणि आमचं काम घरातलं, नातवंडं फिरतात, त्यामुळं आम्ही तो बंद केला. थोडीच खळ शिजवायची, त्याच दिवशी संपवायची. आवरणाला खळीत थोडा फेव्हिकॉल मिसळतो. नुसता फेव्हिकॉल इतका लवकर धरतो की कागद सरकवून नीट करायला वेळच मिळत नाही.

रंगाचं काम नणंदेचं. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद, तो राखून ठेवावा लागतो, हे तिचं पालुपद. पोस्टर कलरवर वाढलेल्या आपल्याकडच्या मंडळींना ते पटायला वेळ लागतो. तिची छोटी चित्रं, पोस्टकार्डाएवढी, वह्यांबरोबर विकली जातात: हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा, कृष्णा-वारणेचा संगम, मिरजेत पाठीला पाठ लावून सुकत ठेवलेले तंबोऱ्याचे भोपळे. सगळ्यात मागणी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. 1929 पासून उभा असलेला तो दगडी पूल सांगलीकराला घरातल्या माणसासारखा. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं हमखास तोच मागतात.

आणि हळद. सांगलीचं म्हटल्यावर 'हळदीच्या रंगात रंगवलेली वही' करा, असा आग्रह आम्हाला सतत होतो. भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, वर नैसर्गिक रंग, लेबल किती छान दिसेल! करून पाहिली. पिवळा असा झकास येतो की विचारू नका. पण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. अर्धी पट्टी झाकून खिडकीत ठेवली, उघडी बाजू फिकी पडत गेली. वर साबणाचा हात लागला की पिवळ्याचा लालसर होतो. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तेच हे. गिऱ्हाइकाला एक दिवाळी टिकेल असा रंग द्यायचा आणि दुप्पट दर लावायचा, हे आम्हाला जमलं नाही. आम्ही बाजारातले चांगले कलाकारांचे रंग वापरतो आणि तसंच सांगतो.

कोलाजचा माल मात्र अस्सल सांगलीचा. जुन्या तोलपावत्या, हळदीच्या पोत्याचा तागाचा तुकडा, नाटकांच्या जाहिरातींची पत्रकं, लग्नपत्रिका. वर्तमानपत्र आम्ही टाळतो, तो कागद काही काळातच पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. लग्नपत्रिकेवरचा गणपती कापायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. तो अख्खा सोडवून ठेवायचा आणि चिकटवला तर पानाच्या वरच्या बाजूला. माझा नियम वेगळा: हिशेबाच्या कागदावर कुणाचं नाव आणि उधारी दिसत असेल तर तो भाग आधी कापून टाकायचा. मोडीत लिहिलेला कागद मिळाला तर त्याला कात्री लावायचीच नाही. वाचता येणाऱ्याला दाखवायचा, निदान जपून ठेवायचा. मोडीचे कागद चिकटवलेल्या वहीला शहरात जास्त दर मिळतो, हे मला ठाऊक आहे. मिळो.

या कागदांचा बराचसा साठा 2019 च्या महापुरानं दिला, हे सांगायला बरं वाटत नाही. सांगलीत पाऊस फार नसतो. पाणी वरून येतं, कोयनेतून आणि वारणेतून. त्या ऑगस्टात आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. आमची माडी असल्यामुळं ताव वाचले, पण खालच्या खोलीतले पुठ्ठे आणि काकांचं दुकान गेलं. त्यांचा वह्या दाबायचा लोखंडी शिकंजा तेवढा गाळातून निघाला. पाणी ओसरल्यावर पेठेत दुकानादुकानांपुढं भिजलेल्या वह्यांचे ढीग पडले होते, पालिकेच्या गाडीची वाट बघत. मालकांना विचारून त्यातलं थोडं आम्ही उचललं. एकेक पान सोडवून, मध्ये कोरडा कागद घालून, सावलीत पंख्याखाली वाळवलं. उन्हात वाळवलं असतं तर पानं आखडून गेली असती. गाळाची पिवळट कड त्या कागदांवर राहिलीच, ती आम्ही कापत नाही. सांगलीच्या माणसाला ती कड कशाची, हे विचारावं लागत नाही.

काकांनी पुन्हा दुकान उघडलं नाही. शिकंजा आमच्याकडं आला, आणि सकाळी दोन तास काकाही.

धंद्याचं बाकी थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद केली. ती ऑनलाइन आणि फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मोठ्या शहरातल्या एका दुकानानं 'विकेल तसे पैसे' या बोलीवर माल नेला आणि कित्येक महिन्यांनी बोटांचे डाग पडलेल्या वह्या परत पाठवल्या. तेव्हापासून रोखीशिवाय दुकानाला माल नाही. काडेपेटीएवढी झिगझॅग वही 90 रुपयांना. जलरंगाची मोठी 650 ला. महाग वाटते, पण त्यातला निम्मा पैसा कागदाचा आणि उरलेला बहुतेक हाताचा. मशीन घेऊन महिन्याला हजार वह्या करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हजार वह्यांच्या पहिल्या पानावर फराटे मारायला नणंदेला वेळ नाही.

एक गिऱ्हाईक मात्र अनपेक्षित मिळालं. ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तिथं हौशी नाटकवाल्यांना तोटा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की त्यांना नकलेसाठी, म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद उतरवून घ्यायला लहान वही लागते: खिशात मावणारी, एका हातात उघडी राहणारी, पेन्सिलीनं खोडलं तरी न फाटणारी. जाड कागद तिथं कामाचा नाही. त्यांच्यासाठी आम्ही साधा 100 जीएसएमचा कागद, पातळ पुठ्ठा आणि वर पोत्याचा ताग अशी वेगळी वही बसवली. ही मंडळी वही कधीच जपून ठेवत नाहीत. चहा सांडतात, गुंडाळी करून खिशात कोंबतात, प्रयोग झाला की नवी न्यायला येतात.

सध्या ऑर्डर घेतल्यावर तीन आठवड्यांत वही देतो. जुलै-ऑगस्टात ऑर्डर घेतो, पण तारीख देत नाही. आयर्विनला किती फूट आहे ते बघून कळवतो.