आयफेलच्या नावावर खपलेलं घर

मापुतोत कुणालाही विचारा, कासा द फेरो कुणी बांधलं? टॅक्सीवाला, हॉटेलातला वेटर, आमच्या साइटवरचा अकाउंटंट, सगळ्यांचं उत्तर एकच: गुस्ताव आयफेल. पॅरिसचा मनोरा उभा केला तोच. मोझांबिकच्या राजधानीत, तुंदुरू बागेला लागून हे लोखंडी घर उभं आहे. मीही त्याच समजुतीत तिथे गेलो होतो.

मी कोटिंग इन्स्पेक्टर. लोखंडावर रंग चढण्याआधी ते किती साफ झालंय, किती कोरडं आहे, त्यावर मीठ किती चिकटलंय हे बघायचं आणि नंतर रंगाची जाडी मोजायची, ही माझी रोजीरोटी. मापुतोशेजारी मातोलाला तेलाच्या टाक्यांचं काम चालू होतं. रात्रभर पाऊस झालेला, सकाळी हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर, म्हणजे ब्लास्टिंग, म्हणजे कणांचा जोरदार मारा करून लोखंड साफ करणं, बंद. साइटवरचा तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, "आज रिकामे आहात तर चला, तुमच्या कामाचं घर दाखवतो." त्याचे कॉलेजातले सर तिथे येणार होते. आर्किटेक्चर शिकवणारे, साठीच्या पुढचे गृहस्थ. त्यांना गंज कळणारा कुणीतरी हवा होता. माझी पिशवी बरोबर होतीच.

चौकात देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचा उंच ब्राँझचा पुतळा, पाठीशी महापालिकेची पांढरी इमारत, बाजूला कॅथेड्रल. तिथून समुद्राकडे उतार लागतो आणि लगेच हे घर. लांबून पाहिलं तर कुणाला ते लोखंडाचं वाटणारही नाही. जवळ गेल्यावर भिंतीचे तुकडे दिसायला लागतात: एकसारखे पत्रे, प्रत्येकावर दाबून उठवलेली नक्षी, कडेला बोल्ट. मी बोटाने वाजवून पाहिलं. पोकळ आवाज आला.

इथेच मला शंका आली. आयफेलचं काम म्हणजे अँगल, जाळीदार गर्डर आणि हजारो रिव्हेट. तापवलेला रिव्हेट ठोकून बसवायचा, तो कायमचा. इथे सगळा भार बोल्टवर आणि पातळ पत्र्यावर. ती नक्षीही नुसती शोभेची नाही. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेवर उठवलेल्या रेघा असतात ना, त्याच कारणासाठी: सपाट पत्रा लगेच दुमडतो, दाबून उठाव दिलेला पत्रा ताठ राहतो. मी सरांना विचारलं, "हे खरंच आयफेलचं?" ते हसले. बहुधा याच प्रश्नाची वाट बघत होते.

ही पद्धत जोसेफ डान्ली नावाच्या बेल्जियन इंजिनिअरची. दाबलेल्या पत्र्यांच्या दोन भिंती, मधे पोकळी, त्या पोकळीतून हवा खेळती राहावी अशी योजना. बेल्जियममधल्या एझो गावातल्या लोखंडाच्या कारखान्यात सुटे भाग तयार व्हायचे आणि पेट्यांत भरून जहाजाने जगभर जायचे. कोस्टा रिकाच्या सान होसे शहरातली लोखंडी शाळा याच कारखान्याची, आणि काँगोतही अशी घरं गेली. मापुतोचं घर १८९२ सालचं. तेव्हा गावाचं नाव लोरेन्सो मार्केस. दलदलीच्या काठावरचं, तापाने बदनाम झालेलं बंदर. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारी रेल्वे १८९५ ला सुरू झाली आणि १८९८ मध्ये राजधानी मोझांबिक बेटावरून इथे आली. घाईत मोठं होणाऱ्या अशा गावात विटा भाजत बसण्यापेक्षा पेटीतून आलेलं घर जोडणं सोपं. गव्हर्नरसाहेबांच्या निवासासाठी ते आणलं होतं.

साहेब काही त्यात राहिले नाहीत. उकाडा.

दुपारी ढग हटले आणि ऊन असं तापलं की विचारू नका. मी थर्मामीटर काढला. उन्हातला बाहेरचा पत्रा पन्नाशी ओलांडून गेला, हात टेकवेना. सावलीतल्या बाजूला तोच पत्रा हवेपेक्षा जेमतेम गरम. पातळ लोखंडाचं हे असंच असतं: जाड दगडी भिंत दुपारचं ऊन पोटात ठेवते आणि रात्री सोडते, पत्रा मात्र दहा मिनिटांत तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. डान्लीची पोकळी यावर उपाय होती, आणि उपाय म्हणून कल्पना चांगलीच आहे. पण भर उन्हाळ्यात इथे बाहेरची हवाच दमट आणि गरम. ती खेळवून किती गारवा मिळणार? माझ्या मते दोष घराचा कमी आणि मागवणाऱ्याचा जास्त.

राहण्यालायक नसलं तरी कचेरीला चालतं, म्हणून पुढे त्यात सरकारी खाती आली. मला सगळ्यात भावली ती वेगळीच गोष्ट. हे घर मुळात दुसऱ्या जागी होतं. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ते उचलून आजच्या जागी आणलं. विटांचं असतं तर तेव्हाच पाडलं असतं. म्हणजे साहेबांना भाजून काढणाऱ्या त्याच पातळ पत्र्यांनी आणि बोल्टांनी त्याला वाचवलंही.

मी भिंग घेऊन सांधे बघत बसलो. मापुतोच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, आणि बोल्टच्या पाठी, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे, ते ओलाव्याबरोबर आत शिरतं. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. तो फुगला की पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात. बाहेरून रंग छान दिसत असतो आणि आत हे चालू. रंगाची जाडी मोजणारा डीएफटी मीटर लावला, तर आकडा आमच्या टाक्यांवरच्या रंगापेक्षा बराच जास्त. पण पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर मीटर जस्त आणि रंगाचे सगळे जुने थर एकत्रच मोजतो, म्हणून मी त्या आकड्यावर उड्या मारल्या नाहीत.

चहाला आम्ही खाली बायशाकडे, जुन्या बाजारपेठेत उतरलो. तिथे शामुसा मिळतो, आपल्याच समोशाचा सावत्र भाऊ; गोव्याच्या वाटेने आलेला असणार. १७५२ पर्यंत हा मुलूख गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, हे ऐकून तो तरुण इंजिनिअर चकित झाला. सर मात्र आयफेलवरच अडले होते. इथल्या रेल्वे स्टेशनचा घुमट लोक आयफेलचा सांगतात. अंगोलाच्या राजधानीतल्या, लुआंडातल्या लोखंडी महालाचंही तेच, पुरावा नसताना. मी म्हटलं, "मग तिथे पाटी का नाही लावत, डान्लीच्या नावाची?"

"लावा की," ते म्हणाले. "पण डान्लीचं घर बघायला कोण येईल? आणि कुणी बघायलाच आलं नाही, तर रंगाचे पैसे कोण देईल?"

मला हे पटलं नाही. शंभरहून जास्त वर्षं समुद्राच्या वाऱ्यात टिकलेलं, सुटं करून पुन्हा जोडलेलं बेल्जियन घर ही गोष्ट खोट्या आयफेलपेक्षा जास्त रंगतदार आहे. वाद बिल येईपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक पानभर टिपण पाठवलं. ब्लास्टिंग अजिबात नको, पातळ पत्रा पोचे खाईल आणि जस्त असलं तर तेही उडेल. आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढा. सांधे आणि बोल्ट ब्रशने, हाताने रंगवा, स्प्रेने नाही. पावसाळा संपल्यावर दरवर्षी सांधे तपासा. त्यांचं उत्तर आलं: टिपण पोर्तुगीजमध्ये करून विद्यार्थ्यांना वाटणार आहे, आणि ब्रश कोणत्या केसांचा घ्यायचा?