उळे आणि उणे 18

लाँगयरब्येन हे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं गाव. ते नाव नीट म्हणायला मला बोटीवरचे तीन दिवस लागले. गावात मिळाले आठ तास. लेक हॅम्बुर्गला असते, तिनेच बुकिंग करून टाकलेलं. "पप्पा, दुकान दादाकडे दिलंय ना? मग चला," एवढंच. बायकोला हिमनद्या बघायच्या होत्या, अस्वल दिसलं तर अस्वल. मला एक दार बघायचं होतं.

दिंडोरी रोडला आमचं बी-बियाणांचं दुकान आहे, 35 वर्षं मी त्या गल्ल्यावर बसलो. सोनाराला रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीबद्दल जे वाटत असेल, तेच मला जगभरचं बी जपून ठेवणाऱ्या स्वालबार्डच्या कोठाराबद्दल वाटायचं. ते 2008 साली सुरू झालं तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून वजनकाट्यामागे चिकटवलं होतं.

78 अंश उत्तर. जुलैचा मध्य, सहा अंश तापमान आणि झोंबरा वारा. म्हणजे निफाडचा डिसेंबर, फक्त सूर्य मावळायचं नाव घेत नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही तिथे. "अहो, दिवेलागण कधी धरायची?" हिने विचारलं, आणि शेवटी मोबाईलमध्ये नाशिकचं घड्याळ लावून शुभंकरोती म्हटलं.

गाव 1906 मध्ये लाँगयर नावाच्या अमेरिकन माणसाने कोळशासाठी वसवलं. डोंगराच्या कडेने कोळशाच्या बादल्या वाहणाऱ्या रोपवेचे लाकडी खांब अजून उभे आहेत. घरं खुंटांवर, कारण खालची जमीन बारमाही गोठलेली. घराची ऊब लागून ती वितळली तर घर खचायचं. झाड एकही नाही. म्युझियमच्या दारात चपला-बूट काढायला लावतात, खाणकामगारांच्या बुटाची कोळशाची भुकटी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही जुनी रीत. तिथेच हिला गाव पटलं. नॉर्वेची तिथली शेवटची खाण आम्ही जायच्या सुमारासच, 2025 च्या उन्हाळ्यात, बंद झाली.

टॅक्सीवाला मूळचा थायलंडचा. विमानतळाकडच्या रस्त्याला पांढऱ्या अस्वलाची पाटी लागते, तिच्यापाशी फोटो काढायला रांग. "फोटो काढा, पुढे फिरायला जाऊ नका," म्हणाला. वस्तीबाहेर बंदूक असल्याशिवाय कोणी जात नाही.

आणि मग ते दार. डोंगरातून बाहेर आलेली काँक्रीटची अरुंद पाचर, माथ्यावर काचा आणि पोलादाचे तुकडे चमकणारे. बस्स. आत पर्यटकांना सोडत नाहीत, हे मला माहीत होतं. शंभरेक मीटर आत तीन दालनं, त्यात फॉइलच्या पाकिटांत बंद केलेले 13 लाखांहून जास्त वाणांचे नमुने, उणे 18 अंशांना. डोंगर मुळात उणे तीन-चारचा, बाकीचं यंत्र करतं. ज्याने बी ठेवलं, ते त्याचंच राहतं. दुसऱ्याला खोकं उघडता येत नाही. सीरियात युद्ध पेटलं तेव्हा अलेप्पोजवळच्या संस्थेने 2015 मध्ये आपलं बी परत मागून नेलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवलं, आणि नवं बी पुन्हा इथे आणून ठेवलं.

हिला दहा मिनिटांत थंडी वाजायला लागली, ती गाडीत बसली. मी उभाच.

कांद्याचं बी, आमच्याकडचं उळे, फार नाजूक. गहू-हरभरा दोन-तीन वर्षं तग धरतो, उळे एका उन्हाळ्यात मान टाकतं. पाकिटाच्या टॅगवर उगवण किमान 70 टक्के लागते, पण टॅग छापला त्या दिवशीचा असतो, विकतो त्या दिवशीचा नाही. एका साली मी उरलेलं उळे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. एप्रिल-मे पत्र्याखाली कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको. पुढच्या हंगामात तेच विकलं. चांदवडकडचा एक शेतकरी पंधरा दिवसांनी दुकानात आला. भांडला नाही. गोणपाटाचा ओला तुकडा काउंटरवर पसरला, त्यात मोजून शंभर दाणे. मोड आलेले बावीस. मी बियाणाचे पैसे परत दिले. त्याने ते मोजले आणि म्हणाला, "शेठ, हंगाम कुठून देता?"

त्यानंतर तो आमच्या दुकानी आला नाही.

टॅक्सीवाल्याने विचारलं, तुमच्या देशाचं आहे का आत काही? आहे, म्हटलं. हैदराबादजवळच्या संस्थेने ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर पाठवलंय. आणि तुमच्या गावचं, ते जे प्रसिद्ध आहे? मी मघाशी बढाई मारून द्राक्षाचं सांगितलं होतं ना! आता द्राक्ष तिथे नाही, कारण बी लावून तोच वाण मिळतच नाही. आपण डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर काडी बांधून कलम करतो. ते जिवंतच सांभाळावं लागतं, बागेत, दरसाल छाटणी करून. कोठारात त्याला जागा नाही. हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तो मान हलवत होता.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली, मला ठाऊक असलेलीच. 2016 साली बर्फ वितळून पाणी बोगद्याच्या तोंडाशी शिरलं होतं. आत बियाणांपर्यंत पोचायच्या आधीच गोठलं, आणि नंतर तो बोगदा दुरुस्त केला. म्हटलं, बघा, उणे 18 वाल्यांनाही पाणी चुकलं नाही.

चारला बोटीवर चढायचं होतं. वायफाय लागल्याबरोबर मुलाला मेसेज टाकला: उन्हाळचं उळे किती उरलंय? शेडमध्ये असेल तर आजच्या आज जुन्या घराच्या खालच्या खोलीत ने. शंभर दाणे गोणपाटात घाल.

उत्तर आलं, "पप्पा, तुम्ही फिरायला गेलाय ना?"

बारा दिवसांनी नाशिकला पोचलो. बॅग दारातच ठेवली, खोलीत गेलो. गोणपाट त्याने ओलं ठेवलं होतं, कबूल करायला हवं. उकललं, दोघांनी मिळून मोजलं. 54.

"विकायचं नाही," म्हटलं.

"सव्वा लाखाचा माल आहे, पप्पा."

मी पुन्हा मोजले. 54.