गाडीच्या आधी भिंतीतला सॉकेट बघा

इलेक्ट्रिक गाडी घेऊन मला दोन वर्षं होत आली. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" हे कुणी ना कुणी सारखं विचारत असतं. "तुम्ही ती कशाला लावता?" असं मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. रोजच्या वापरात माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मलाही तो एका रात्रीनंतरच कळला.

पहिले पाच महिने आमची गाडी पार्किंगमधल्या जुन्याच १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत होती. गाडीबरोबर मिळालेली केबल रात्री लावायची आणि सकाळी काढायची, बस. एकदा साडेअकराच्या सुमाराला बाबा खालचा दिवा बंद करायला गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय!" मी धावत गेले. आधी मेन स्विच बंद केला. थोड्या वेळाने प्लग ओढून पाहिला, तर निघेना. सॉकेटचं प्लास्टिक वितळून एका पिनेला चिकटलं होतं. शेवटी निघाला तेव्हा ती पिन काळीनिळी पडलेली होती आणि सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं. भिंत हाताला गरम लागत होती. वर सगळे झोपले होते, आणि बाबा त्या वेळी खाली गेले नसते तर, हा विचार मला कितीतरी दिवस सोडत नव्हता.

सकाळी वायरमन आले. त्यांनी सॉकेट खोलला आणि आतला एक स्क्रू मला नुसत्या बोटाने फिरवून दाखवला. इतका ढिला. म्हणाले, "ताई, इस्त्री दहा मिनिटं चालते. गीझर पाणी तापलं की बंद होतो. तुमची गाडी सात-सात तास सलग पूर्ण करंट ओढते. सॉकेटला गार व्हायला वेळच मिळत नाही."

नंतर मी कागदावर हिशेब मांडला. जोडाजवळ तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ढिल्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरला, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे तापलेली सोल्डरिंग आयर्न रात्रभर भिंतीत खोचून ठेवल्यासारखंच झालं. करंट १० अँपिअरवर आणला की तीच उष्णता १० वॅटवर येते, निम्म्याहूनही कमी.

मग आम्ही काम नीट करून घेतलं. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढली, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. जास्त करंट ओढला गेला तर आपोआप बंद होणारा वेगळा एमसीबी बसवला, करंट गळला तर लाइन तोडणारा आरसीसीबी बसवला आणि घरगुती सॉकेटच्या जागी जाड पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट लावला. अर्थिंग तपासून घेतलं. अर्थिंगबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. ते नसेल तर केबलवरचा डबा लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. त्यावर "उपाय" म्हणून काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. कृपा करून असं करू नका, कुणाला करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो, आणि पावसात ओल्या हाताने दार उघडणारं आपल्याच घरातलं कुणी असतं. एक्स्टेंशन बोर्डही नकोच.

आता मी गाडीतच करंट १० अँपिअरवर ठेवला आहे. रोजचं फिरणं पन्नास किलोमीटरच्या आसपास. माझी गाडी शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते, म्हणजे रोज भरायचे साडेसात युनिट. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे तासाला २.३ युनिट. वाटेत थोडी वीज वाया जाते ती धरली, तरी चार तासांत काम होतं. गाडी तर रात्रभर उभीच असते, मग घाई कशाला?

माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, म्हणून आठवड्यातून एकदा ती १०० टक्के भरते. या सेलचा व्होल्टेज चार्जिंगच्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला आपल्याकडे नेमकी किती वीज आहे याचा अंदाज नीट लागत नाही. निकेल, मँगनीज, कोबाल्ट वापरणारी एनएमसी बॅटरी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबलेलं बरं.

लांबच्या प्रवासात फास्ट चार्जर लागतो, पण माझ्या वर्षात ते मोजकेच दिवस. तिथेही ८० च्या पुढे बॅटरी करंट कमी कमी घेत जाते, शेवटचे टक्के फार रेंगाळतात. मागे गाड्या ताटकळत असताना १०० होईपर्यंत गन अडकवून बसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पुढे लांबवर चार्जर नसेल तर गोष्ट वेगळी.

तो जळका सॉकेट मी टाकला नाही, कपाटात ठेवला आहे. मागच्या आठवड्यात मैत्रीण कुठली गाडी घेऊ विचारायला आली, तेव्हा आधी तोच तिच्या हातात दिला. तिने उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला (अजून येतो) आणि तिथूनच घरी फोन लावला, "आपल्या पार्किंगमधला सॉकेट किती जुना आहे रे?" रविवारी तिच्याकडे वायरमन येणार आहेत. गाडीचं त्यानंतर बघू म्हणाली.