पट्टीवर १बी

ही गोष्ट इंटरफेरॉनच्या काळातली. हिपॅटायटिस सीचा रुग्ण आला की डॉक्टर आधी जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार, विचारायचे. २ किंवा ३ निघाला तर साधारण २४ आठवडे उपचार, १ निघाला तर ४८. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, वर ताप आणि अंगदुखी. आमच्या रिपोर्टातल्या एका आकड्यावर माणसाचं सबंध वर्ष ठरायचं.

मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये तेव्हा पट्टीची चाचणी चालायची. रक्तातला आरएनए काढायचा, त्याचा डीएनए करून पीसीआरने वाढवायचा आणि प्रोब, म्हणजे प्रकार ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावलेल्या पट्टीवर सोडायचा. जिथे जुळेल तिथे जांभळट-तपकिरी रेघ उमटते. आपल्याकडे बहुतेकदा ३ निघतो, त्याखालोखाल १. त्या दिवशी एक पट्टी १बी, म्हणजे १ चा एक उपप्रकार, दाखवत होती. रेघा स्वच्छ, निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेला तुलनेचा नमुना, कोरा. रिपोर्ट टाइप करायला बसले आणि फॉर्मवर नजर गेली. मूळ गाव, इम्फाळ.

हात तिथेच थांबला. ईशान्य भारतात जीनोटाइप ६ सापडतो. आणि आमची पट्टी विषाणूचा फक्त सुरुवातीचा तुकडा, ५' यूटीआर, बघायची. जवळपास ९,६०० अक्षरांच्या जनुकसंचात सगळ्यात कमी बदलणारा भाग हाच. म्हणून तर प्रायमर, म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, सगळ्या प्रकारांना बसतात! पण त्याच कारणाने ६ चे काही उपप्रकार इथे थेट १ सारखे दिसतात. पट्टीत बिघाड नव्हता. तिला फरक दिसेल असं काही तिथे लिहिलेलंच नव्हतं.

"सर, हा रिपोर्ट आज नको सोडूया. एनएस५बी वाचून बघते."

डॉक्टरांचा दोनदा फोन येऊन गेला होता. तरी सर म्हणाले, "कर."

एनएस५बी हा त्याच जनुकसंचातला दुसरा भाग, तो प्रकारागणिक बराच बदलतो. म्हणून ओळख पटवायला उत्तम, आणि म्हणूनच प्रायमर नीट बसवणं कठीण. पहिल्या पीसीआरनंतर जेलवर काहीच नाही. यूव्हीच्या उजेडात नुसता लॅडर, म्हणजे लांबी मोजायच्या ठरावीक रेघा, चमकत होता. दुसरी फेरी लावली, तेव्हा बारीकसा बँड दिसला. तो कापला, शुद्ध केला, सिक्वेन्सिंगला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर चार रंगांची शिखरं आली. मधली काही अक्षरं डळमळीत होती, ती उलट दिशेच्या वाचनाशी एकेक करून ताडली. मग ओळखीच्या क्रमांशेजारी ठेवून वंशवृक्ष काढला. आमचा नमुना १ च्या फांदीकडे फिरकलाही नव्हता. तो सरळ ६ मध्ये जाऊन बसला होता.

मी स्वतः डॉक्टरांना फोन केला. क्षणभर ते काही बोलले नाहीत. इंटरफेरॉनला ६ हा १ पेक्षा चांगली दाद देतो, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. "रुग्ण समोरच बसलाय," एवढं म्हणून त्यांनी लेखी रिपोर्ट मागितला.

सही झाल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं, १बी लिहिलेल्या नोंदींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि उणे ८० च्या फ्रीझरमध्ये त्यांचे नमुने शोधायला गेले.