एका ‘नये’साठी सत्तेचाळीस दिवस

आधीच सांगून टाकते, सरकारी धोरणाच्या मसुद्यावर सूचना पाठवायला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. कुणी मागितलाही नव्हता. साधा ई-मेल पुरला असता. ठरावाचा हट्ट माझा होता, त्यामुळे पुढच्या सगळ्या वैतागात थोडा दोष माझाही आहे. थोडाच.

गोष्ट २०१९ची. ३१ मेला नवीन शैक्षणिक धोरणाचा मसुदा जाहीर झाला, कस्तुरीरंगन समितीचा. पेपरांत सगळा गदारोळ हिंदी सक्तीचा. तीन दिवसांत ते वाक्य बदललंसुद्धा. त्या गडबडीत पहिल्या प्रकरणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि माझ्या कामाचं तेवढं एकच प्रकरण होतं: तीन ते सहा वयाची मुलं, अंगणवाड्या, बालवाड्या. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गाव म्हणजे सात वाड्या. प्राथमिक शाळा देवळापाशी, आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, मधे साकव, पायी जायचा लहानसा पूल. शाळेपर्यंत दोन किलोमीटर तरी होतील. जून ते सप्टेंबर पऱ्या असा वाहतो की साकवावरून जाताना मोठी माणसंही बोलायची थांबतात. अंगणवाडी मात्र वाडीतच, समाजमंदिरात. चौदा पोरं. चड्डी सावरत, एका हाताने दप्तर ओढत स्वतःची स्वतः जातात.

मसुद्यात होतं की अंगणवाड्या शक्य तिथे प्राथमिक शाळेच्या आवारात आणाव्यात. शहरात, मोठ्या गावात ही चांगलीच गोष्ट आहे आणि तसं मी सूचनेत लिहिलंही. शिक्षण हक्क कायदा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून लागू करा असंही मसुद्यात होतं, त्यावर तर मी ‘जोरदार पाठिंबा’ असं लिहून खाली रेघ मारली. प्रश्न एवढाच, की त्या कायद्याखालच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. ते सहा वर्षांच्या मुलासाठी. तीन वर्षांच्या मुलाने किती चालायचं?

मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. इंग्रजी चारशे चौऱ्याऐंशी पानं. सगळी वाचायची गरज नाही. अनुक्रमणिका बघा, आपल्या प्रकरणाची झेरॉक्स काढा, मुद्द्यांना नंबर असतात त्यांवर पेन्सिलीने खूण करा. सूचनेत तोच नंबर घाला, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. मी दोन रात्रींत दीड पान लिहिलं. अर्ध्याहून जास्त मजकूर आमच्या सेविकाताईंचा. सेविकांना सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं हे वाचून त्या म्हणाल्या, “चांगलंच आहे की. पण सहा महिने मी कुठे जाणार आणि तोवर हे माकडखाने कोण बघणार, तेवढं विचार.” ते मी जसंच्या तसं घातलं, माकडखाने वगळून. सही मात्र त्यांनी केली नाही. “मानधनावरच्या बाईने कशाला नाव पुढे करायचं? तू घाल तुझं.” मी आग्रह केला नाही. तुम्हीही करू नका.

इथे माझ्या डोक्यात आलं की एका बाईच्या ई-मेलला कोण विचारतो, गावाचा ठराव सोबत हवा.

१४ जूनला अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा चार्ज, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. तो शुक्रवारच होता, पण भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला. शिपाईकाकांनी खुर्ची दिली, चहा पाजला, अर्ज घेतला नाही. “आवकचं रजिस्टर कपाटात, चावी भाऊसाहेबांकडे.”

मंगळवारी भाऊसाहेब भेटले. अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. “हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही वहिनी. वरून पत्र आहे का?” मी म्हटलं, वरूनच लोकांना विचारलंय. “लोकांना. ग्रामपंचायतीला पत्र आहे का?” पेपरातलं कात्रण पुढे केलं. कात्रणावर राजमुद्रा नव्हती. मग २१ जूनला तालुक्याला जाऊन लोकांकडून सूचना मागवणारं सरकारी पान छापून आणलं. ते बघून भाऊसाहेब म्हणाले, हे ठीक, पण जूनची मासिक सभा तर परवाच झाली.

मुदत ३० जूनची होती. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. मग महिनाअखेरीला बातमी आली, मुदत ३१ जुलैपर्यंत वाढवली. देवळात नारळ फोडायचा तेवढा बाकी ठेवला.

२ जुलैच्या रात्री तिवरे धरण फुटलं. आपल्याच जिल्ह्यात, आपल्यासारखीच वाडी वाहून गेली. पुढचे आठ-दहा दिवस ग्रामसेवक, तलाठी सगळे बंधारे आणि दरडी बघत फिरत होते, आणि माझीही ठरावाबद्दल विचारायची हिंमत झाली नाही. पण साकवावर उभं राहून खाली बघितलं की आपला मुद्दा किती खरा आहे ते कळायचं.

जुलैची सभा १२ तारखेला. माझा विषय अजेंड्यावर नाही, कारण नोटीस आधीच निघालेली. सरपंचताईंनी रस्ता काढला: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. हे शब्द पाठ करून ठेवा, अजेंडा हुकला की दार उघडतं ते यानेच. भाऊसाहेब म्हणाले, मजकूर तुम्हीच लिहून द्या, मी उतरवतो. दिला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, एक मिनिटही लागलं नाही. त्याआधी दिवाबत्तीवर पाऊण तास भांडण झालं होतं.

ठराव झाला म्हणजे मिळाला असं नाही. नक्कल हवी. नक्कल मिळायला प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंदवही, लिहून व्हायला हवं. १६ तारखेला ते लिहायचं बाकी होतं. १९ला भाऊसाहेब आले नाहीत. २३ला प्रोसिडिंग लिहून झालं होतं, पण सरपंचताई माहेरी, सही नाही. माझ्यासमोरच ते जाड लाल कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघायचं आणि परत पिशवीत जायचं. एकदा मी म्हटलं, मी फोटो काढते. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवीचे दागिने मागितले.

(मधेच आठवलं म्हणून: टायपिंग बाहेर देत असाल तर ‘युनिकोडमध्ये करा’ असं बजावून सांगा. तालुक्याच्या मुलाने माझं दीड पान जुन्या फाँटमध्ये केलं. त्याच्या कॉम्प्युटरवर सुंदर मराठी, माझ्या मोबाइलवर नुसते कंस, टिंबं आणि डॉलर. मी पुन्हा सगळं अंगठ्याने टाइप केलं.)

२६ जुलै, शुक्रवार. नक्कल हातात आली. शिक्क्याचं पॅड वाळलेलं, त्यामुळे शिक्का म्हणजे पुसट निळं वर्तुळ. मी आनंदाने वाचायला लागले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

मी लिहून दिलं होतं: वाडीवरील अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात हलविण्यात येऊ नये.

प्रोसिडिंगमध्ये होतं: वाडीवरील अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात हलविण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले.

मी तीनदा वाचलं. मग भाऊसाहेबांना वाचायला दिलं. त्यांनी माझा कागद आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवलं. खोटं कशाला बोलू, त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, “हाताला ‘यावे’चीच सवय हो. रस्ता करण्यात यावा, पाणी सोडण्यात यावे, दिवा बसविण्यात यावा. सोळा वर्षांत ‘येऊ नये’ असा ठराव मी लिहिलेला आठवत नाही.”

“मग आता दुरुस्त करा.”

“प्रोसिडिंगमध्ये खाडाखोड चालत नाही. पुढच्या सभेत ठेवू.”

पुढची सभा ऑगस्टमध्ये. मुदत ३१ जुलै. आणि दप्तरी गाव सर्वानुमते म्हणतंय की आमच्या पोरांना साकवावरून पाठवा. माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं निम्मं त्या बिचाऱ्या माणसाला लागू नव्हतं. मुलगा सोबत होता, तो टेबलाखाली जाऊन बसला.

वाट काढली शिपाईकाकांनी. दारात छत्री झटकत होते, तिथूनच म्हणाले, “भाऊसाहेब, खाली जागा हाय ना? ‘येऊ नये असे वाचावे’ लिवा नि सरपंचांची सही घ्या. टाकीच्या ठरावाला केलं नव्हतंत?” भाऊसाहेब गप्प. टाकीच्या ठरावाला केलं होतं म्हणे.

मंगळवारी, ३० तारखेला, मी घरून स्टॅम्प पॅड घेऊन गेले. बचत गटाचं. ठरावाखाली बोटभर जागेत ओळ आली: ‘वरील ठरावात “हलविण्यात यावी” ऐवजी “हलविण्यात येऊ नये” असे वाचावे.’ खाली सरपंचताईंची सही आणि या वेळी गोल, गडद, ठसठशीत शिक्का. मुलाने त्यावर फुंकर मारली.

नक्कल घेतल्यावर ती तिथेच, कचेरीच्या पायरीवर उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घरी येऊन नको.

पाठवणं म्हणजे काहीच नव्हतं. पावसाने आमच्याकडचा टॉवर गेला होता म्हणून ३१ला सकाळी एसटी थांब्यावर गेले, तिथे रेंज असते. छत्री मानेत धरून नकलेचा फोटो जोडला, दीड पान चिकटवलं, पाठवलं. चार मिनिटं. पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

त्या पत्राचा शेवट मला अजून आवडतो. त्यात मी बालशिक्षणतज्ज्ञ तारा‌बाई मोडकांचं लिहिलं होतं. १९४५ला अनुताई वाघांसोबत बोर्डीत काम सुरू केल्यावर, पुढे कोसबाडलाही, त्यांनी हेच पाहिलं की पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत. म्हणून त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात अंगण आहे ते असं. ते अंगण शाळेच्या कंपाउंडमध्ये नेलं तर उरते नुसती वाडी. हे वाक्य सेविकाताईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला चहा विचारला.

वर्षभराने, २९ जुलै २०२०ला मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केलं. लॉकडाऊन होता, मी मोबाइलवर पहिलं प्रकरण उघडलं. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून कायद्याचा हक्क देण्याची मसुद्यातली गोष्ट उरली नव्हती. २०२५पर्यंत सगळ्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणत होते, ते २०३०वर गेलं. पण हे शिक्षण कुठे कुठे मिळेल त्याची यादी होती, आणि त्यात पहिलं नाव स्वतंत्र अंगणवाड्यांचं, शाळेच्या आवारातल्या त्यानंतर. आमच्या ठरावामुळे झालं असं मी म्हणत नाही. घरात म्हटलं होतं, दोन-तीनदा.

त्याच दिवशी सरकारने सांगितलं की धोरणासाठी अडीच लाख ग्रामपंचायतींमधून दोन लाखांवर सूचना आल्या. आमची त्यात धरली असेल तर तिच्या खाली ‘असे वाचावे’ आहे, तेवढं कुणी वाचलं असलं म्हणजे झालं.

हे आत्ता लिहायचं कारण, २०२५च्या सप्टेंबरात केंद्राने अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलगा मोठा झाला, साकव आता पळत ओलांडतो. पण समाजमंदिरात या वर्षी अकरा पोरं आहेत, त्यात जावेची धाकटी. फाइल माळ्यावरून काढली. नवे भाऊसाहेब सोमवारी आणि गुरुवारी येतात.